गुडघ्यावर घेतलेलं माप

दुबईत तू काय करतेस, असं कुणी विचारलं की मी "कपड्यांच्या दुकानात आहे" एवढंच सांगते. त्यात खोटं काही नाही. पण पुढचा प्रश्न येतोच, कसले कपडे. मग मला स्कॉटलंडपासून सुरुवात करावी लागते आणि समोरचा माणूस हसायला लागतो. पुरुषांचे स्कर्ट शिवता होय? मी मान हलवते आणि विषय बदलते. सात वर्षं मी असाच विषय बदलत आले आहे. वसईच्या नाताळ अंकासाठी मुलीला नोकरीबद्दल लिहायला सांगा, असं संपादकांनी आईला फोनवर म्हटलं आणि आईने माझ्या वतीने होकार देऊन टाकला, म्हणून या वेळी ते जमणार नाही.

आमचं दुकान रास अल खोरला, गाड्यांचे सुटे भाग विकणाऱ्या गाळ्यांच्या रांगेत वरच्या मजल्यावर आहे. खाली टायर, वर किल्ट. मालकीण आयला मॅडम स्कॉटिश. शिवणारे रशीद मास्टर सियालकोटचे. सियालकोटला किल्ट आणि बॅगपाइप घरोघरच्या कारखान्यांत बनतात, हे मला इथे येईपर्यंत माहीत नव्हतं. मास्टरांचे वडीलही हेच करायचे. दोघांनीही स्कॉटलंड कधी पाहिलं नाही. मी मापं घेते, नोंदी ठेवते आणि भाड्याने दिलेले पोशाख परत आले की तपासते. वसईच्या मुलीने शारजात वाढून सियालकोटच्या मास्टरांबरोबर स्कॉटलंडचे कपडे करायचे, याचं इथे कुणाला नवल वाटत नाही. इथे प्रत्येकाचं काहीतरी असंच असतं.

किल्ट म्हणजे काय ते एकदा सांगून टाकते. सुमारे आठ वार लोकरी कापड, चौकड्यांचं. पुढून सपाट आणि मागे चुण्या, पंचवीस-तीस. प्रत्येक घराण्याच्या, गावाच्या, पलटणीच्या चौकड्या वेगळ्या. चुण्या अशा घालायच्या की घडी पडल्यावरही मागच्या बाजूला चौकडीचं चित्र अखंड दिसलं पाहिजे. एक चुणी सुताएवढी सरकली तरी ओळ तुटते आणि जाणकार माणूस दारातून ती ओळखतो. कमरेपासून खाली वीतभर या चुण्या हाताने शिवतात, त्याखाली त्या मोकळ्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे खालच्या कडेला शिलाई नसते. कापडाचा मूळ काठ तोच किल्टचा काठ. खालून दुमडलं तर चुण्या जड होतात आणि चालताना झुलत नाहीत. म्हणून उंचीचं माप आधीच बरोबर यावं लागतं.

ते माप घ्यायची एकच खात्रीची रीत आहे. माणसाला गुडघ्यांवर बसवायचं आणि कमरेपासून जमिनीपर्यंत टेप धरायची. गुडघे टेकल्यावर काठ जमिनीला जेमतेम लागला, की उभं राहिल्यावर तो बरोबर गुडघ्याच्या मध्यावर येतो. आमच्या मापाच्या कार्डावर त्यासाठी चौकोन छापलेला आहे: गुडघ्यावर माप घेतलं, हो किंवा नाही.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. पुरुष कमरेबद्दल खोटं बोलतात. जीन्सवरचा आकडा सांगतात, जो त्यांनी विशीत एकदा पाहिलेला असतो. एकदा दुबईच्याच करामा भागातला एक मल्याळी नवरा मुलगा आई-वडिलांना घेऊन आला. मुलगी स्कॉटिश होती, तिच्या घरच्यांची हौस होती. तो किल्ट घालून बाहेर आल्यावर आईने त्याला पायांपासून वरपर्यंत पाहिलं. मग मला बाजूला घेऊन हिंदीत विचारलं, अंदर हाफ पॅंट तो है ना? वडील मात्र खूश होते. आम्ही रोज मुंडू नेसतो, याच्यात काय एवढं, म्हणाले, आणि आरशासमोर स्वतःच्या पॅंटकडे जरा नाराजीने पाहिलं.

अबू सालेम हे इथले, अमिराती. पोलिसांच्या बॅंडमध्ये आयुष्यभर बॅगपाइप वाजवून निवृत्त झाले. रीड आमच्याकडे मिळते म्हणून येतात. रीड म्हणजे नळीच्या आत बसणारी वेताची पातळ जीभ. सूर तिथून निघतो. एसीतून उन्हात आणि उन्हातून एसीत नेलं की ती वाळते आणि वाद्य चिरकतं. अबू सालेम वाळलेली रीड तळहातावर घेऊन आजारी पाखराकडे पाहावं तसं तिच्याकडे पाहतात आणि म्हणतात, खलास. मग मास्टरांबरोबर करक चहा घेत तासभर बसतात. त्यांच्या आजोबांकडे बकरीच्या कातड्याचं असंच वाद्य होतं, लग्नात वाजायचं. इंग्रजांनी ते आम्हाला शिकवलं असं लोक समजतात, असं सांगून ते हळूच हसतात.

मागच्या रिकाम्या गोदामात दर मंगळवारी संध्याकाळी बॅंडची तालीम असते. आधी एकेक जण सूर लावतो. वरच्या तीन नळ्या एकच सूर धरून ठेवतात, आपल्याकडे सनईवाल्यामागे एक जण नुसता सूर धरून बसतो तसा. दहा वाद्यांचे सूर जुळेपर्यंत नको वाटतं. जुळले की एकदम पत्र्याची भिंत थरथरते. मग केरळची एक नर्स ताशासारख्या कडक ढोलावर काड्या टाकते आणि जलद चाल सुरू होते. अशा वेळी मास्टरांचा पाय मशीनच्या पेडलवर नसतानाही हलतो. माझाही हलतो, पण मी तो टेबलाखाली ठेवते. चाल आनंदाची असते, पण खालचा तो न बदलणारा सूर ऐकताना मला नेहमी कुणीतरी लांब उभं राहून हाक मारतंय असं वाटतं.

वसईतल्या वाचकांना आता एक गोष्ट सांगायची आहे, जी मी दुकानात कधी सांगितली नव्हती.

नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात लाल चौकड्यांचं एक ठाण आलं. मास्टरांनी ते टेबलावर उलगडलं आणि मी दोन पावलं मागे सरले. मला आजी दिसली. माझी आजी, पप्पांची आई, जन्मभर लाल चौकड्यांचं लुगडं नेसली. आपल्याकडच्या त्या पिढीच्या बायका नेसायच्या तसंच, गुडघ्यापर्यंत. मी तेरा वर्षांची असताना ती तीन महिने आमच्याकडे शारजाला राहायला आली होती. अल मजाजला तलावाकाठच्या बिल्डिंगमध्ये एकोणिसाव्या मजल्यावर आम्ही राहतो. तिला डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं, म्हणून ती येताना हाच नाताळ अंक घेऊन आली आणि रोज दुपारी मला मोठ्याने वाचायला लावला. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. मला येतं ते मराठी वाचन त्या तीन महिन्यांतलं आहे.

संध्याकाळी आम्ही तलावाकाठी चालायला जायचो. एकदा खाली जाताना सातव्या मजल्यावर माझ्या वर्गातल्या दोन मुली लिफ्टमध्ये आल्या. त्यांनी आजीच्या लुगड्याकडे पाहिलं, उघड्या पोटऱ्यांकडे पाहिलं. मी हळूच सरकून दुसऱ्या कोपऱ्यात उभी राहिले, जणू मी एकटीच आहे. सात मजले. तलावाकाठी गेल्यावर आजीने नेहमीसारखा माझा हात धरला.

ती गेली तेव्हा मी कॉलेजात होते, परीक्षा होती, जाता आलं नाही. महिन्याभराने आत्याचा फोन आला, लुगड्यांचं काय करू. आई म्हणाली, कुणाला हवी असतील तर देऊन टाका, इथे कोण नेसणार. फोन स्पीकरवर होता. मी शेजारी बसून चपातीचा तुकडा मोडत होते. एक मला ठेवा, एवढंच म्हणायचं होतं.

मागच्या वर्षी ऑक्टोबरात मिस्टर इनिस आले. आमच्या मंगळवारच्या बॅंडचे ते प्रमुख. समुद्रातून वाळू उपसणाऱ्या कंपनीत इंजिनियर म्हणून चौतीस वर्षं इथे. आता वय त्र्याहत्तर. मुलीचं लग्न इथेच होतं आणि लग्नानंतर ते कायमचे परत जाणार होते. हातात तपकिरी कागदातलं पार्सल होतं. आत हिरव्या-करड्या चौकड्यांचं कापड. त्यांची आई ज्या विणशाळेत मागावर काम करायची तिथलं, तिनेच विणलेलं. ती विणशाळा बंद होऊन कैक वर्षं झाली. आई गेल्यापासून ते जिथे जिथे राहिले त्या प्रत्येक घराच्या कपाटात ते कापड त्यांनी न कापता ठेवलं होतं. मुलीच्या पुढे पाइप वाजवत चालायचं, तेव्हा हेच अंगावर हवं होतं.

"तुमच्या लोकांचं असतं का असं काही कापड?" त्यांनी सहज विचारलं. माझा हात कापडावर फिरत होता, ते त्यांनी पाहिलं असावं.

"नाही," मी म्हणाले.

लिफ्टचा तो कोपरा काही सुटत नाही.

मग माप. कंबर घेतली, पार्श्वभाग घेतला. आता त्यांना गुडघ्यांवर बसायला सांगायचं होतं. ते पांढऱ्या केसांचे, उजवा गुडघा आखडलेला, पाठ थोडी वाकलेली. आमच्या घरी संध्याकाळची रोझरीची प्रार्थना झाली की लहानांनी मोठ्यांसमोर गुडघे टेकून आशीर्वाद घ्यायचा असतो. आजोबांच्या वयाच्या माणसाला मी म्हणायचं, माझ्यासमोर गुडघे टेका? तरुण मुलांना मी हे रोज सांगते, तेही खाली बघत. यांना सांगण्यासाठी तोंड उघडलं आणि मिटलं. ते उभे असतानाच मी टेप धरली. अंगात ढगळ पॅंट होती, त्यातून गुडघ्याचा मध्य अंदाजाने धरला आणि लिहिलं, साडेपंचवीस इंच. खालच्या चौकोनात सवयीने खूण केली: गुडघ्यावर, हो.

मास्टरांनी दोन आठवडे ते काम केलं. दुसरं काही हातात घेतलं नाही. सत्तावीस चुण्या, एकही ओळ तुटलेली नाही. ठाणातला एक दोष, विणताना सुटलेला धागा, त्यांनी चुणीच्या आत लपवला आणि मला दाखवून म्हणाले, "देखो बेटा, माँजी का हाथ यहाँ हिला था। ये अंदर रहेगा, सिर्फ बेटे को पता होगा।"

लग्न शुक्रवारी होतं. आदल्या शनिवारी इनिस ट्रायलला आले. पडद्यामागून बाहेर आले आणि आरशासमोर उभे राहिले. काठ गुडघ्याच्या खाली होता. दीड इंच. दीड इंच म्हणजे काय, असं बाहेरच्या माणसाला वाटेल. पण वाजवत चालणाऱ्या माणसाचा गुडघा काठाला लागायला लागतो, चुण्या अडकतात, आणि तो माणूस दुसऱ्या कुणाचा तरी कपडा घातल्यासारखा दिसतो. खालून कापता येत नाही. असं कापड परत मिळत नाही.

इनिसनी आरशात बघत कमरेची पट्टी जरा वर ओढून पाहिली. मग सौम्यपणे म्हणाले, मास्टरांकडून कापताना थोडं मोठं झालं असेल, हरकत नाही, मी थोडं वर ओढून नेसेन.

आयला मॅडम तिथेच होत्या. त्यांनी माझं कार्ड उचललं. त्यावर खूण होती. त्यांनी मास्टरांकडे पाहिलं. मास्टरांच्या डोळ्यांचं ऑपरेशन उन्हाळ्यात झालं होतं आणि त्यांचा व्हिसा जानेवारीत संपत होता. आता त्यांच्याने होत नाही, असं मॅडम मला दोनदा बोलल्या होत्या. हे मास्टरांना माहीत होतं, आणि मला माहीत आहे हेही त्यांना माहीत होतं.

मास्टर माझ्याकडे वळले. आवाज नेहमीचाच. "बेटा, घुटनों पे बिठाया था ना?"

हो म्हटलं असतं तर तिथेच संपलं असतं. कार्डही तेच सांगत होतं.

"नाही," मी इंग्रजीत म्हणाले, सगळ्यांना कळावं म्हणून. "मी त्यांना बसायला सांगितलंच नाही. उभ्यानेच माप घेतलं. मास्टरांनी कापलं ते माझ्या आकड्याप्रमाणे. चूक माझी आहे."

मॅडमनी कार्ड टेबलावर ठेवलं, उलटं. इनिसनी मात्र माझ्याकडे पहिल्यांदाच पाहावं तसं पाहिलं.

"का नाही सांगितलंस?"

"तुम्ही मोठे आहात. आमच्यात मोठी माणसं लहानांसमोर गुडघे टेकत नाहीत."

"तू विचारायला हवं होतंस," ते म्हणाले. "मी बसलो असतो. मला बसायला काही होत नाही, उठायलाच त्रास होतो."

आणि ते बसले. टेबलाची कड धरून, आधी डावा गुडघा, मग उजवा, दात आवळून. मी त्यांच्या बाजूला फरशीवर बसले आणि टेप सोडली. चोवीस. दोनदा मोजलं. उठताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळा भार दिला. मोठा भार होता.

उंची कमी करायची ती वरूनच. म्हणजे कमरेची पट्टी, अस्तर, पट्टे आणि सत्तावीस चुण्यांची सगळी शिलाई उसवायची, दीड इंच खाली उतरवायची आणि पुन्हा शिवायची. हाताशी पाच दिवस. मास्टरांनी चष्मा पुसला आणि माझ्याकडे उसवायची छोटी कात्री सरकवली. यल्ला, म्हणजे चला, म्हणाले. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

त्या पाच दिवसांत मी जे शिकले ते सात वर्षांत शिकले नव्हते. उसवताना टाका ओढायचा नाही, कापायचा आणि चिमटीने उचलायचा. नाहीतर लोकर दुखावते, असं मास्टर म्हणायचे. आठ वार कापड सपाट होऊन टेबलभर पसरलं तेव्हा घड्यांच्या खुणा त्यावर तशाच होत्या. त्यांच्यावरूनच परत जायचं. दुसऱ्या दिवशी मास्टरांनी शेवटच्या नऊ चुण्या माझ्या हातात दिल्या. माझे डोळे दुपारनंतर साथ देत नाहीत, एवढंच म्हणाले. अबू सालेम करक घेऊन आले, आमच्याकडे बघून पेले ठेवून गेले. मंगळवारी पलीकडे तालीम सुरू झाली. इनिसचा पाइप मला आता वेगळा ओळखू येत होता. लग्नात वाजवायची ती चाल ते पुन्हा पुन्हा घेत होते. मी टाके घालत होते. त्या चालीच्या ठेक्यावर सुई जात होती आणि मी पाय टेबलाखाली लपवला नाही.

गुरुवारी दुपारी ते पुन्हा आले. काठ गुडघ्याच्या मध्यावर. मास्टरांनी त्यांना चालायला सांगितलं. ते भिंतीपर्यंत गेले आणि वळले, आणि मागच्या चुण्या एकदम उघडून मिटल्या. मॅडम म्हणाल्या, रशीद, जानेवारीच्या व्हिसाची कागदपत्रं शनिवारी घेऊन ये. मास्टर म्हणाले, इन्शाल्ला, आणि इस्त्री बंद करायला गेले. तिथे त्यांना जरा जास्तच वेळ लागला.

पैसे चुकते करून इनिस निघताना मी त्यांच्यामागे जिन्यापर्यंत गेले. एरवी मी असं जात नाही.

"तुम्ही विचारलं होतंत, आमच्या लोकांचं कापड असतं का," मी म्हणाले. "असतं. लाल चौकड्यांचं. माझी आजी नेसायची."

"तुझ्याकडे आहे?"

"नाही."

ते जिन्याच्या कठड्याला धरून उभे राहिले. मला वाटलं, काहीतरी चांगलं बोलतील. पण ते फक्त मान हलवत राहिले, आणि मला तेच पुरलं.

लग्नाला मी मागे, ढोलवाल्या नर्सच्या शेजारी उभी होते. मुलगी वडिलांच्या मागून चालत आली. समुद्राचा वारा होता. ते कापड वाऱ्यावर हललं तेव्हा आतला तो सुटलेला धागा कुठे आहे, ते इनिस, मास्टर आणि मी, आम्हा तिघांनाच माहीत होतं. पंधरा दिवसांनी इनिस कायमचे परत गेले. इथे सगळेच कधीतरी परत जायला आलेले असतात. मी मात्र इथेच वाढले.

त्याच आठवड्यात मी आत्याला फोन केला. मराठीत, आधी मनात वाक्यं जुळवून. आजीचं एखादं लुगडं राहिलंय का?

आत्या म्हणाली, "नाही गं बाय. सगळी वाटली. दोन-तीन जुनी होती त्यांच्या गोधड्या केल्या, त्याही आता विरल्या. लाल चौकडीचं तसं कापड आणणारा तो दुकानदारही आता आणत नाही." मग म्हणाली, "तेव्हा विचारायचं होतंस. तुझ्यासाठी ठेवलं नसतं का?"

महिन्याभरात दुसऱ्यांदा हे मला कुणीतरी सांगत होतं.

दुसऱ्या दिवशी मास्टर नमाजाला गेले असताना मी ड्रॉवरमधून एक कोरं कार्ड काढलं. नावाच्या जागी आजीचं नाव लिहिलं. कंबर माहीत नाही, ती जागा सोडली. उंचीपाशी थांबले. इंच कुठून आणणार? मग आठवलं. अल मजाजच्या त्या घरात रोज संध्याकाळी रोझरी व्हायची. आजी सगळ्यांच्या पुढे, फरशीवर, उशी न घेता गुडघ्यांवर बसायची आणि मी तिच्या मागे. पन्नास वेळा तीच प्रार्थना. वर बघायचा कंटाळा यायचा, म्हणून मी खाली बघायचे. माझ्यासमोर लुगड्याचा लाल काठ असायचा. तो फरशीला जेमतेम लागलेला असायचा.

मी उंचीच्या जागी तेवढंच लिहिलं. गुडघे टेकल्यावर जमिनीला जेमतेम लागेल इतकी. खालच्या चौकोनात खूण केली: गुडघ्यावर माप घेतलं, हो. या वेळी ते खरं होतं.

कापडाची जागा रिकामी आहे. कार्ड ड्रॉवरमध्ये, तयार व्हायच्या कामांच्या गठ्ठ्यात ठेवलं आहे. मास्टर रोज सकाळी तो गठ्ठा चाळतात. त्या कार्डापाशी येतात, वाचतात, आणि ते परत त्याच जागी ठेवतात.